खिशावरची चिठ्ठी

अमीरपेट, हैदराबाद
मंगळवार, ३ सप्टेंबर २०२४

बालामणी,

माझे आशीर्वाद तुला नकोच असतील, म्हणून थेट कामाचं बोलतो. फोन तू उचलत नाहीस. माझा नंबरच बंद करून ठेवलास, असं दिसतंय. तुझी मर्जी. रजिस्टर पोस्टानं लिहितोय, कारण काम माझं नाही, तुझं आहे.

चेन्नईच्या एका डेटा सेंटरवाल्या कंपनीकडून मला फॉर्म आलाय. त्यांच्याकडे नेटवर्कच्या नोकरीसाठी तू अर्ज केलास आणि 'प्रशिक्षण कुणाकडे घेतलं' तिथे माझं नाव टाकलंस. नाव देण्याआधी माणसाला विचारायची पद्धत असते. असो. दुसरं नाव तुझ्याकडे नव्हतं, हे मला कळतं. दोन वर्षं जनगावात भावाच्या दुकानात बसून मोबाइलच्या काचा बदलतेस म्हणे. माझ्या बावीस वर्षांत नेटवर्कच्या स्विचसमोर तुझ्याइतकं शांत बसणारं दुसरं कुणी मी पाहिलं नाही. काचा बदलायला एवढी शांतता लागत नाही.

फॉर्मात अकरा प्रश्न आहेत. शिस्त, हजेरी, इतरांशी वागणूक, सगळीकडे मी 'उत्तम' लिहिलं. गाडी अडली सातव्यापाशी. 'या व्यक्तीच्या चुकीमुळे सेवा कधी बंद पडली होती काय? असल्यास तपशील द्यावा.' शेवटची तारीख १५ ऑक्टोबर.

'नाही' लिहून मोकळा झालो असतो. पण ते लोक तू कामाला होतीस त्या नानकरामगुड्याच्या कंपनीला विचारणार, तिथे माझ्या सहीचा अहवाल पडलेला आहे, आणि मग तूही खोटी ठरणार नि मीही. म्हणून तपशिलाचा मसुदा खाली देतोय. काही आक्षेप असेल तर कळव.

'जुलै २०२२ मधल्या बोनालूच्या सणाच्या रविवारी, दुपारी, जुने स्विच काढून नवे बसवण्याचं काम माझ्या देखरेखीखाली चालू होतं. की-बोर्डवर कु. बालामणी होत्या. काम यशस्वी झालं, पण आधी लावलेली वेळ रद्द करायला त्या विसरल्या. मुख्य स्विच आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला, नवी मांडणी पुसली गेली आणि सेवा तीन तास सतरा मिनिटं बंद राहिली. ही अननुभवातून झालेली चूक आहे. त्यांनी त्यातून धडा घेतला असावा.'

शेवटचं वाक्य मी आपणहून घातलंय, तुझ्या भल्यासाठी. माझ्या मनात तुझ्याबद्दल काही नाही. मी तुला केव्हाच माफ केलंय.

सकाळी साडेसातची बॅच आता साठ जणांची आहे. जागा पुरत नाही, दोघं जण खिडकीच्या कट्ट्यावर बसतात. मैत्रीवनमच्या चौकात माझा फोटो लावलाय लिंबाद्रीनं, विजेच्या खांबाएवढा. इन्स्टिट्यूटचा मालक म्हणून त्याला वाटतं, माझ्या टकलामुळे पोरांना विश्वास वाटतो.

उत्तर लवकर पाठव.

कोटिलिंगम सार

•

अमीरपेट
गुरुवार, १२ सप्टेंबर

बालामणी,

पत्र परत आलं. पाकिटावर पोस्टमननं लिहिलंय, 'घेण्यास नकार'. अक्षर सुरेख आहे त्याचं.

नकार द्यायला हरकत नाही, पण फॉर्मची तारीख तुझ्या रागासाठी थांबणार नाही. राग तू काचा बदलता बदलताही करू शकतेस. पाकीट फोडायला दोन मिनिटं लागतात.

मसुदा पुन्हा वाचला. 'वेळ रद्द करायला विसरल्या' हे नोकरभरतीच्या टेबलावर बसलेल्या बाईला कसं कळणार, असं वाटलं. म्हणून पहिल्या दिवसाच्या वर्गात सांगतो तसं लिहिलंय. ऐक.

'दूरच्या स्विचची मांडणी बदलताना आपण ज्या वाटेनं आत गेलो तीच वाट चुकून तोडली, तर परत आत जाता येत नाही. म्हणून बदलाला हात लावण्याआधी स्विचला सांगून ठेवायचं, की अर्ध्या तासात माझ्याकडून काही कळलं नाही तर तू आपला बंद हो, पुन्हा सुरू हो आणि जुन्या आठवणीवर ये. म्हणजे आपण बाहेर अडकलो तरी तो स्वतःच परत येतो. काम नीट झालं, तर अर्धा तास संपायच्या आत ती वेळ रद्द करायची आणि मगच नवी मांडणी जतन करायची. रद्द करायला विसरलं, तर चांगलं चाललेलं काम तो अर्ध्या तासानं स्वतःच्या हातानं मोडतो. त्या दिवशी वेळ रद्द करायचं राहून गेलं.'

'त्या विसरल्या' काढून 'राहून गेलं' घातलंय. वाचायला बरं वाटतं. तुझ्यावर थेट काही येत नाही. तशी जबाबदारी दोघांची होती, हे मी तेव्हाही दयाकर रेड्डीला तोंडी बोललो होतो. निदान बोलायचं ठरवलं होतं. कंपनीत तुला कायम करायचं की नाही हे त्याच्याच हातात होतं आणि त्या दिवशी तो रागानं नुसता लालबुंद झाला होता. बोलायची वेळ नव्हती ती.

चिठ्ठीचा नियम फॉर्ममध्ये लिहिला नाही. तो आपल्या वर्गाचा आहे, चेन्नईला त्याचं काय? तरी तुला आठवत असेल. वेळ लावली की कागदाच्या तुकड्यावर ती लिहायची आणि पिनेनं शर्टाच्या खिशावर टाचायची. लावली ज्यानं, फाडायची त्यानं. रद्द केल्याशिवाय फाडायची नाही आणि फाडताना आवाज झाला पाहिजे. तुझी बॅच हसली होती पहिल्या दिवशी. 'सार, शाळेत कागद टाचायचे ते हरवू नये म्हणून, तसंच का?' असं तूच विचारलं होतंस. मी म्हटलं होतं, 'तसंच. इंजिनिअर हरवतात.'

गणपती बसलेत. गल्लीत एवढा दणका चाललाय, की वर्गात मला ओरडून बोलावं लागतं. घसा बसलाय.

हे पत्र परत पाठवू नकोस.

कोटिलिंगम

•

अमीरपेट
सोमवार, २३ सप्टेंबर

बालामणी,

तेही परत आलं. आता तिन्ही एकाच पाकिटात घालतोय. पाकीट जाड झालंय, पोस्टातल्या बाईनं विचारलं, 'आत काय आहे?' मी म्हटलं, 'कागद.'

काल ठरवलं होतं, आता लिहायचं नाही. पण आज सकाळी वर्गात एक गोष्ट झाली.

स्वरूपा नावाची एक मुलगी आहे, खम्ममची. लॅबमध्ये तिनं वेळ लावली, मांडणी बदलली, सगळे दिवे हिरवेगार झाले, ती खूश. चिठ्ठी खिशावर तशीच. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, 'ए, बालामणी करू नकोस!' सगळा वर्ग हसला. स्वरूपाही हसली, जीभ चावली, वेळ रद्द केली आणि टर्रकन चिठ्ठी फाडली.

मी विचारलं, 'बालामणी म्हणजे काय रे?'

मागच्या बाकावरचा म्हणाला, 'सार, तुम्हीच तर सांगितलं. वेळ रद्द करायला विसरलं की त्याला बालामणी म्हणतात.'

'कोण म्हणतं?'

'सगळे म्हणतात, सार. शेजारच्या इन्स्टिट्यूटमध्ये पण म्हणतात. माझा थोरला अन्ना माधापूरला कामाला आहे, त्यांच्याकडे पण म्हणतात. ती बाई खरीच होती का, सार?'

अगं, दर बॅचला मी ती गोष्ट सांगतो. 'माझी एक विद्यार्थिनी होती, हुशार होती, पण...' असं सुरू करतो. दोन वर्षांत अकरा बॅचेस झाल्या. नाव सांगायची गरज नव्हती. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पोरं हसली, मग पुढच्या वेळी पुन्हा सांगितलं. मला हशा आवडतो, हे तुला ठाऊक आहे.

आज घरी जाऊन जेवलो नाही. बायकोनं विचारलं, पोटात दुखतंय का? मी हो म्हटलं.

आता तो रविवार. तुला सांगायची गरज नाही, पण मी तो आजवर कुणालाच नीट सांगितलेला नाही. तेव्हा निदान तुला सांगतो.

वेळ तू लावली नव्हतीस. मी लावली होती. की-बोर्डवर बसलेल्यानं फक्त बदल करायचा आणि वेळ वरच्या माणसानं लावायची, हे मीच तासाभरापूर्वी मिशा पिळत सांगितलं होतं. एक वाजून चाळीस मिनिटांनी मी ती लावली, कागदावर '२:१०' लिहिलं आणि माझ्या खिशावर टाचलं. निळा शर्ट होता. तू बदल केलास, एकही अक्षर चुकलं नाही. सगळं सुरळीत झालं. मी म्हटलं, आता जुन्या वायरी काढा. तू म्हणालीस, 'सार, थोडं थांबू या का?' मी म्हटलं, 'थांबायला काय झालंय?' तू वायरी काढल्यास. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना तू आदल्या आठवड्यात नावं चिकटवली होतीस, त्यावरूनही मी तुला चिडवलं होतं, की बारशाला आलीस का म्हणून.

मग दयाकर रेड्डीनं बिर्याणीचे डबे मागवले आणि माझी तारीफ सुरू केली. कोटि सारांसारखा माणूस नाही, कोटि सारांची पोरं म्हणजे डोळे झाकून घ्यावीत. मी खुर्चीत फुगून बसलो होतो. तू दोन वाजता माझ्याजवळ आलीस आणि हळूच म्हणालीस, 'सार, चिठ्ठी.'

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, 'आता तू मला शिकवणार होय? जेव आधी.'

रेड्डी हसला. तू जाऊन बसलीस. दोन वाजून दहा मिनिटांनी पंख्यांचा आवाज बदलला, आणि तुझ्या हातातला घास तसाच राहिला. माझ्या आधी तुला कळलं. स्विच जुन्या आठवणीवर आला होता आणि जुन्या वायरी जमिनीवर पडल्या होत्या.

रेड्डी धावत आला नि ओरडला, 'कुणी केलं?' मी बोट दाखवलं नाही, एवढंच काय ते माझ्या बाजूनं आहे. मी फक्त म्हटलं, 'की-बोर्डवर बालामणी होती.' ते खरंच होतं. आणि हे म्हणेपर्यंत चिठ्ठी माझ्या खिशावर नव्हती, खिशात होती. पिनेसकट.

तू माझ्या शर्टाकडे पाहत होतीस. पिनेच्या जागी दोन भोकं दिसत होती. तू विचारलंस, 'सार, तुमच्या खिशात काय आहे?'

मी म्हटलं, 'रुमाल.'

बस. एवढंच झालं होतं. फॉर्ममध्ये यातलं काय लिहावं, ते मला अजून कळत नाही.

कोटिलिंगम

•

अमीरपेट
शुक्रवार, ४ ऑक्टोबर

बालामणी,

अकरा दिवस झाले, पाकीट परत आलं नाही. पोस्टात चौकशी केली. सही करून घेतलंय म्हणाले. सही कुणाची ते त्यांच्या यंत्रात दिसत नाही. तुझ्या आईची असेल, वहिनीची असेल. तुझीच असेल असं धरून मी चालत नाही.

सातव्या प्रश्नाचा हा तिसरा मसुदा.

'नाही. या व्यक्तीच्या चुकीमुळे सेवा कधीही बंद पडली नाही. २४ जुलै २०२२ रोजी जी सेवा बंद पडली ती माझ्या चुकीमुळे. वेळ मी लावली होती आणि ती रद्द करणं माझं काम होतं. बालामणी यांनी दहा मिनिटं आधी मला आठवण केली. मी त्यांना चारचौघांत गप्प बसवलं. नंतरच्या अहवालात मी त्यांचं नाव लिहिलं. सेवा तीन तास सतरा मिनिटांत परत सुरू झाली, तीही बालामणी यांनीच केली. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना त्यांनी नावं लावली नसती तर दुसरा दिवस उजाडला असता. हे मी अहवालात लिहिलं नाही.'

हा मसुदा मी सोमवारी लिहिला. मंगळवारी पाठवायला बसलो आणि उठलो. बुधवारी बसलो आणि चहाला गेलो. काल बतुकम्माची सुट्टी नसताना सुट्टी दिली. लिंबाद्री म्हणाला, 'कोटि, तब्येत बरी आहे ना?' तुझ्या बॅचला मी भित्रा वाटलो नसेन. पण मी आहे. आवाज मोठा आहे एवढंच.

हे गेलं की काय होणार ते मला पाठ आहे. नानकरामगुड्याचं काम जाईल, दर सहा महिन्यांनी माझी आठ-दहा पोरं तिथे लागतात ते बंद होईल. लिंबाद्री फोटो उतरवेल. आणि छप्पन्नाव्या वर्षी मी वर्गात उभा राहिलो की पोरं माझ्या खिशाकडे बघतील.

म्हणून मी आपल्या धंद्यातलीच युक्ती केली. मसुद्याची मेल तयार केली. तिघांना. चेन्नईची कंपनी, दयाकर रेड्डी आणि लिंबाद्री. आणि तिला वेळ लावून ठेवली. दहा दिवसांनी, सोमवारी १४ ऑक्टोबरला, दुपारी २:१० वाजता ती आपोआप जाईल. मला काहीही करावं लागणार नाही. मला फक्त ती रद्द न करता राहायचं आहे. विसरणं मला जमतं, हे सिद्ध झालेलंच आहे.

सोबत एक वस्तू पाठवतोय. बोनालूच्या रविवारची चिठ्ठी. पिनेला गंज आलाय, बोटाला टोचून घेऊ नकोस. दोन वर्षं ती माझ्या पेटीत गाडीच्या कागदांखाली होती. टाकून का दिली नाही ते विचारू नकोस. ती तुझ्याकडे असावी. उद्या मी फिरलोच, तर ती कुणालाही दाखव. अक्षर माझं आहे, सगळं अमीरपेट ओळखतं.

कोटिलिंगम

•

अमीरपेट
सोमवार, १४ ऑक्टोबर, दुपारी १:२५

बालामणी,

वर्ग रिकामा आहे, लिंबाद्री जेवायला गेलाय. समोर संगणक चालू आहे. हात कुठेतरी गुंतलेले बरे, म्हणून लिहितोय.

गेल्या दहा दिवसांत मी तीनदा ती मेल उघडली. एकदा 'चारचौघांत गप्प बसवलं' हे काढून टाकलं. मग परत घातलं. शनिवारी, दसऱ्याच्या दिवशी, सगळीच रद्द करायला निघालो होतो. बायकोनं हाक मारली, सोनं म्हणून जम्मीची पानं द्यायला शेजारी जायचंय म्हणून. गेलो. शेजाऱ्याला पानं दिली, गळाभेट घेतली, घरी आलो आणि झोपलो.

तुझं काही उत्तर नाही. मी वाट बघत नव्हतो असं लिहिणार होतो. बघत होतो. रोज पोस्टमन खालच्या झेरॉक्सवाल्याकडे येतो तेव्हा मी जिन्यात उभा असतो. झेरॉक्सवाला विचारतो, 'काय सार, प्रेमपत्र यायचंय का?'

१:४०. त्या रविवारी याच वेळेला लावली होती.

बायकोला काल सांगितलं. ती म्हणाली, 'ती सकिनालूचा डबा घेऊन यायची तीच मुलगी ना?' मी हो म्हटलं. म्हणाली, 'दोन वर्षं तुम्ही जेवलात कसे हो?' आणि भांडी घासायला गेली. तिच्याकडून मी जरा सहानुभूतीची अपेक्षा केली होती.

१:५५. लिंबाद्री आला. संगणकावर काय आहे म्हणाला. मी म्हटलं, पंधरा मिनिटांत तुला कळेल. तो म्हणाला, 'कोड्यात बोलू नकोस, कोटि, मला आम्लपित्त आहे.'

दोन वाजले. याच वेळी तू माझ्याजवळ आली होतीस. आज कुणी येणार नाही. येऊन कुणी 'सार, चिठ्ठी' म्हटलं असतं, तर आज मी काय केलं असतं, कोण जाणे.

२:०६. मेल उघडली आहे. 'रद्द करा' असं खाली लिहिलंय. माउस माझ्या हाताखाली आहे. बालामणी, मला भीती वाटते. फोटोची नाही, फोटो गेला चुलीत. मला वर्गाची भीती वाटते. मला दुसरं काही येत नाही.

२:०८. माउस काढून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवर बंद केला.

२:१०.

२:११. गेली. लिंबाद्रीच्या खिशातला फोन वाजला. तो चष्मा शोधतोय.

कोटिलिंगम

•

अमीरपेट
शनिवार, २६ ऑक्टोबर

बालामणी,

तुझं पाकीट गुरुवारी मिळालं. झेरॉक्सवाल्यानं वर आणून दिलं. मला वाटलं, आत चार ओळी तरी असतील. आत माझीच चिठ्ठी निघाली, पिनेसकट. मागे तुझ्या अक्षरात एक ओळ. 'सार, लावली ज्यानं, फाडायची त्यानं.'

इकडची हकीकत. दयाकर रेड्डीनं तीन ओळींची मेल पाठवली, पुन्हा येऊ नये म्हणून. जुना अहवाल मागे घेतल्याचंही त्यात आहे, त्याची प्रत तुला आली असेल. चेन्नईच्या बाईंचा फोन आला होता. त्यांनी विचारलं, हे सगळं तुम्ही स्वतःहून लिहिताय ना, कुणाच्या दबावाखाली नाही ना? मी म्हटलं, 'दबाव होता, पण तिचा नव्हता.' पुढे काय करणार ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तुझं तुला कळेलच. लिंबाद्रीनं चौकातला फोटो उतरवला. शिडीवर चढलेला माणूस माझ्या टकलाला धरून खाली आला म्हणे, सगळी गल्ली बघत होती. पण त्यानं मला काढलं नाही. म्हणाला, 'बॅच पुरी कर, मग बघू.' साठातले एकोणीस उरले. खिडकीच्या कट्ट्यावर आता कुणी बसत नाही.

काल सकाळी तुझी चिठ्ठी खिशावर टाचून वर्गात गेलो. निळाच शर्ट घातला होता. भोकं अजून आहेत त्याला, बायकोनं रफू केलेली नाहीत. पोरं कुजबुजायला लागली, कारण काल लॅब नव्हती आणि सारांच्या खिशावर वेळ होती. फळ्यावर काही लिहिलं नाही. बसूनच सगळं सांगितलं, रुमालापर्यंत. हशा आला नाही. मला हशाशिवाय बोलायची सवय नाही.

स्वरूपानं विचारलं, 'सार, मग बालामणी अक्कांनी काय केलं?'

मी म्हटलं, 'वायरी परत लावल्या.'

मग उभा राहिलो, चिठ्ठी काढली आणि फाडली. कागद जुना होऊन मऊ पडला होता, आवाज काही झाला नाही. मागच्या बाकावरचा म्हणाला, 'सार, ऐकू नाही आलं.' तेव्हा अर्ध्याचे पुन्हा दोन तुकडे केले.

मला तुझी माफी मागायची आहे. सहाव्या पत्रात मागतोय, याचीही. पहिल्या पत्रात मी तुला माफ केलं होतं, ते वाक्य तू खोडून टाक. माझ्याकडे प्रत नाही, नाहीतर मीच खोडलं असतं. तू माफ करावंस अशी माझी मागणी नाही. माझा नंबर बंदच राहू दे, मी यापुढे लिहिणार नाही.

फक्त एक सांगायचं राहिलं, त्यासाठीच हे पत्र. आज लॅब होती. त्या मागच्या बाकावरच्यानंच वेळ लावली, बदल केला, सगळं हिरवं झालं, आणि हा बाबा चिठ्ठी तशीच ठेवून शेजाऱ्याशी क्रिकेटवर बोलत बसला. अर्धा तास भरला, पंख्यांचा आवाज बदलला, स्विच गेला. मी फळ्यावर लिहीत होतो, पाठमोरा. आणि वर्गातून स्वरूपाचा आवाज आला, खणखणीत.

'अरे, कोटिलिंगम केलंस की!'

माझ्याकडे बघत असणार सगळे. मी वळलो नाही. खडू हातात तसाच धरून म्हटलं, 'बरोबर. वायरी परत लावा.'

मग हसले.

कोटिलिंगम